राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत

सातारा हे किल्ल्यांच्या मुलखातले गाव असल्यामुळे इथे पायी भटकायचे म्हटले की अजिंक्यतारा, सज्जनगड आणि वासोटा ही नावे आपोआप तोंडी येतात. तिन्ही ठिकाणे आपापल्या जागी थोरच आहेत. पण घरात पहिली-दुसरीतले मूल आणि गुडघे कुरकुरणारी आजी अशी दोन्ही टोके असतील, तर सगळ्यांना मिळून दिवसभर चालता येईल अशी वाट यांत सापडत नाही. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते आणि सकाळच्या दोन तासांत सगळे उरकते. सज्जनगडाच्या पायऱ्या चढून दर्शन झाले की चालणे संपते. वासोट्याला बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून गेल्यावर जंगलातली जी खडी चढण लागते, ती लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना झेपण्यासारखी नाही. म्हणून 'सगळ्यांना घेऊन कुठे जावे' असे कोणी विचारले की मी एकच वाट सांगते: कास पठारावरच्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जावे, त्याच वाटेने सावकाश परत यावे, आणि पायांत बळ उरले असेल तर खाली उतरून कास तलावाच्या काठी दुपार काढावी.

हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, कास तर आम्ही पाहिले आहे. माझे प्रामाणिक मत असे आहे की रस्त्याच्या कडेला उतरून, फुलांकडे पाठ करून फोटो काढून परतलेल्या माणसाने कास पाहिलेले नसते. हंगामातल्या रविवारी डांबरी रस्त्यालगतच्या त्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की माणसांच्या पायांपलीकडे काही दिसत नाही. राजमार्गाला लागून अर्धा तास चालले की आवाज मागे पडतो, आणि मग वारा, चंडोलाची शीळ आणि पायाखाली करकरणारा तांबडा मुरूम एवढेच उरते. तळे हे निमित्त आहे, पण फार चांगले निमित्त आहे. मुलांना कुठेतरी पोहोचायचे असते. 'पुढे तळे आहे' एवढे सांगितले की ती चार किलोमीटर कुरकुर न करता चालतात.

वाटेचा अंदाज आधी देते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, पेट्रीवरून कास पठारापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरचा रस्ता आहे. पठाराची समुद्रसपाटीपासूनची उंची १,२०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सगळी मोठी चढण गाडीनेच होऊन जाते आणि पायी चालायला उरतो तो बहुतेक सपाट माथा. राजमार्ग हा महाबळेश्वराकडे जाणारा जुना रस्ता म्हणून ओळखला जातो. बैलगाडी जाईल एवढा तो रुंद आहे, जांभ्याच्या खडकावरून आणि तांबड्या मातीतून जातो, आणि त्यात कुठेही हात टेकून चढावे लागत नाही. डांबरी रस्त्यापासून तळ्यापर्यंत साडेतीन ते चार किलोमीटर अंतर आहे. जाणत्या माणसाला हे तासाभराचे काम. पण मुलांना घेऊन आणि पाहत पाहत जायचे असेल तर जायला अडीच तास धरावेत, आणि त्यात काही वावगे मानू नये.

यंदा आम्ही सप्टेंबरच्या मध्याला, शाळेला जोडून सुटी आली तेव्हा गेलो. मी, माझे यजमान, सासूबाई, आमची धाकटी, आणि सांगलीहून आलेल्या वन्सं आणि त्यांचा मुलगा असा मेळा होता. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी आदल्या रात्रीच विचारले, "मला जमेल का गं? नाही तर मी खाली घाटाई देवीच्या देवळात बसते, तुम्ही जाऊन या." मी म्हटले, "आई, तुमच्या चालीनेच सगळे चालणार आहेत. पोरांना पुढे पळू द्यायचे नाही, म्हणून तुम्ही पुढे राहा." ही युक्ती मी सगळ्यांना सांगेन. ज्येष्ठ माणसाला मागे ठेवले की त्याला आपण ओझे झालो असे वाटत राहते आणि तो दम लागला तरी सांगत नाही. त्यालाच पुढे ठेवले की घरच्या घरी भांडण न होता सगळ्यांची चाल आपोआप बेताची होते.

पठारावर जायला हंगामात आगाऊ ऑनलाइन नोंदणी करून ठेवावी, कारण दिवसाला किती माणसे सोडायची यावर मर्यादा आहे. पठाराची देखभाल वनविभागाबरोबर आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या करतात. गाडी लावण्याची जागा, तिकीट, वाटेवरची माणसे हे सगळे कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतली मंडळी पाहतात. सकाळच्या पहिल्या वेळेची नोंदणी करावी, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा. पहिल्या वेळेचा आग्रह केवळ गर्दीसाठी नाही. कुमुदिनीची फुले सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटू लागतात, त्यामुळे आरामात न्याहारी करून अकराला निघालेल्या कुटुंबाला तळे दिसते पण फुलांचा बहर हुकतो.

आणखी एक गोष्ट बायकांनी आणि लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावी. राजमार्गाला लागल्यावर स्वच्छतागृह नाही. ते काम पार्किंगपाशीच आटोपून घ्यावे. हे कोणी लिहीत नाही, आणि मग अर्ध्या वाटेवर घरातली बाई पाणी प्यायला कचरते.

पाऊस पठारावर कधीही येतो. वाऱ्यामुळे छत्रीचा उपयोग नसतो, उलट ती सांभाळण्यातच हात गुंततात, रेनकोट बरा. बूट नवे नकोत, जुने आणि तळाला नक्षी शिल्लक असलेले हवेत, कारण शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळाची चप्पल हमखास सरकते. मुलांसाठी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड पिशवीत टाकावेत. आम्ही ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेला भात आणि गूळपोळी असे डब्यात नेले होते. वेष्टनातला खाऊ मुद्दाम नेला नाही, म्हणजे वाऱ्याने उडून जाईल असे काही आमच्याजवळ नव्हतेच.

राजमार्गाच्या तोंडाशी समितीचे एक दादा काठी घेऊन उभे होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले आणि आपल्या हातातलीच काठी पुढे केली. "मावशी, ही घ्या. फुडं दोन ठिकाणी चिखल हाय. येताना हितंच द्या." मग मुलांकडे वळून म्हणाले, "पोरांनो, पाय खडकावर द्यायचा नाय तर वाटेवर. हिरव्यात नाय. हितली माती बोटभरसुद्धा नाय." भाच्याने लगेच वाकून बोट मातीत घालून पाहिले. खरोखरच दुसऱ्या पेरापर्यंत बोट गेले आणि खाली कडक खडक लागला.

कासची सगळी गोष्ट त्या बोटभर मातीत आहे. खाली काळा बसाल्ट, त्यावर जांभ्याची टोपी, आणि जांभ्यावर फार तर काही सेंटिमीटरचा मातीचा थर. झाडाला मूळ रुजवायला जागा नाही, म्हणून पठारावर मोठी झाडे जवळजवळ नाहीत. जोराचा पाऊस या मातीतले पोषण धुऊन नेतो. चार महिने पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात तोच खडक भाजून निघतो. अशा ठिकाणी जगायचे तर पावसात उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हावे लागते, आणि इथल्या बहुतेक वनस्पती तेच करतात. ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गेले. त्या यादीतल्या एकूण ३९ ठिकाणांपैकी महाराष्ट्रातली चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. हे मोठेपण सांगताना आपण सगळेच सुखावतो, पण त्याचा पाया म्हणजे ही बोटभर माती आहे हे मुलांना स्वतः मोजून पाहू द्यावे. आमच्या दोघांना त्यानंतर दिवसभरात एकदाही 'तिकडे पाय देऊ नका' असे सांगावे लागले नाही.

पहिला किलोमीटर आम्हाला तास लागला. सप्टेंबरच्या मध्याला तेरड्याचा गुलाबी रंग ओसरत असतो आणि सोनकीचा पिवळा चढत असतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी दिसतात. मधूनमधून गेंदाची पांढरी बोंडे ताठ उभी असतात. ओलसर उतारावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा पसरलेला होता, आणि धुके सरकले की तो गडद होई, पुन्हा आले की पुसट होई. एक एक फूल नखाएवढे; पण लाखोंनी असल्यामुळे जमिनीलाच रंग चढलेला दिसतो. सासूबाईंना ही फुले लहानपणापासून ठाऊक आहेत, कारण त्यांचे माहेर जावळीतले. सीतामाईच्या डोळ्यांतून पडलेले पाणी म्हणजे ही फुले, ही गोष्ट त्यांनी मुलांना चालता चालता सांगितली. मी त्यात भर घातली ती इतकीच, की ही नाजूक फुले धरणारी वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या मातीतल्या धाग्यांना सूक्ष्म फुगे असतात, आणि एखादा बारीक जीव फुग्याच्या तोंडाला लागला की क्षणाच्याही लहान भागात तो आत ओढला जातो. मातीत पोषण नाही, तर ते असे मिळवायचे. भाच्याला गोष्टीपेक्षा हे फार आवडले आणि सासूबाईंना थोडे वाईट वाटले.

दवबिंदू, म्हणजे कीटक खाणारी दुसरी वनस्पती, सापडेपर्यंत मग त्याला चैन पडेना. तो आमच्या धाकटीला सापडला, कारण तिची नजर जमिनीच्या सर्वांत जवळ. वाटेच्या कडेला ओल्या खडकाच्या खोबणीत, रुपयाच्या नाण्याएवढा लालसर गोल जमिनीला चिकटून होता. ती वाटेवरच पालथी पडली आणि हनुवटी हातांवर टेकून बघत राहिली. पानांच्या कडांना केसांसारखे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला चकचकीत चिकट थेंब; ऊन पडले की थेंब चमकत होते. एका पानावर मिरीच्या दाण्याहून लहान माशी अडकलेली होती. तिचा एक पंख मोकळा होता आणि तो अजून हलत होता. आजूबाजूचे तंतू तिच्या दिशेने वाकलेले होते. "सोडवू का गं आई?" असे तिने विचारले. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "पण मग हा काय खाणार?" आम्ही तिथे वीस मिनिटे थांबलो असू. मागून आलेले दोन तरुण आम्ही का बसलो आहोत हे बघायला वाकले, आणि तेही मग गुडघ्यांवर बसले. मुलांबरोबर चालण्याचा हा लाभ मी फार मोलाचा मानते: त्यांची उंची कमी असल्यामुळे जे पाहायला हवे ते त्यांना आधी दिसते, आणि मोठ्यांना थांबायला निमित्त मिळते.

पुढे 'मिकी माऊस' दिसला. कवल्याच्या पिवळ्या फुलाला सगळे पर्यटक याच नावाने ओळखतात, कारण वरच्या पाकळीवरचे तांबडे ठिपके कानांसारखे दिसतात. त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. मुलांना ते कोणी सांगावे लागत नाही. टोपली कारवीची गोल झुडपे मात्र मी मुद्दाम दाखवली, जरी त्यांना फूल नव्हते. ती सात वर्षांनी एकदा फुलतात. आता दुसरीत असलेल्या मुलीला पुढचा बहर पाहायला किती इयत्ता वाट पाहावी लागेल याचा हिशोब वन्संनी तिच्याकडूनच करून घेतला.

सातारकरांनी जिची ओळख करून घ्यायलाच हवी अशी वायतुरा ही वनस्पती आम्हाला या खेपेस भेटली नाही, कारण तिचा बहर पावसाच्या पहिल्या महिन्यांतला. साचलेल्या उथळ पाण्यात ती वाढते, तिचा तुरा दोन फाट्यांचा असतो, आणि तिच्या शास्त्रीय नावात 'सातारेन्सिस' आहे. जुलैत भर पावसात यायची ज्यांची तयारी आहे त्यांनी ती जरूर शोधावी.

निम्म्याहून अधिक वाट सरली तेव्हा धुके दाट झाले आणि दहा पावलांपुढचे दिसेना. अशा वेळी लहान मुलांचे हात धरावेत आणि चालत राहावे. राजमार्ग इतका ठळक आहे की वाट चुकण्याचे भय नाही, फक्त वाट सोडून कड्याच्या बाजूला जायचे नाही. एक बाजू उरमोडीच्या खोऱ्याकडे उतरते आणि दुसरी कोयनेच्या, आणि धुक्यात कड फसवी असते. मला मुलांपेक्षा मोबाइल उंच धरून मागे मागे सरणाऱ्या मोठ्या माणसांची अधिक काळजी वाटते.

धुके होते म्हणूनच तळे अचानक आले. आधी बेडकांचा आवाज, मग पाण्याचा गार वास, आणि मग वाऱ्याने पडदा सरकवला तेव्हा समोर पांढऱ्या फुलांनी भरलेले पाणी. तळे मोठे नाही. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाते. पण निम्म्याहून अधिक पृष्ठभाग पानांनी झाकलेला, आणि पानांच्या मधून वर आलेली पांढरी फुले, एवढी की मोजायला सुरुवात करून भाच्याने नाद सोडला.

कुमुदिनी दिसायला कमळाच्या गोतावळ्यातली वाटली तरी ती त्या कुळातली नाही. काठालगतचे एक फूल आम्हाला खडकावर बसून, हात न लावता, पुरते पाहता आले. पान हृदयाच्या आकाराचे आणि पाण्यावर सपाट पसरलेले. फुलाचा देठ जणू पानातूनच फुटतो, कारण तो पानाच्या अगदी खालून निघतो. पाच पाकळ्या, गळ्याशी पिवळ्याधमक, पुढे पांढऱ्या शुभ्र. आणि पाकळ्यांवर पांढऱ्या केसांची अशी दाट झालर, की फूल पिंजलेल्या कापसाचे केले आहे असे वाटावे. एक फूल एकच दिवस टिकते. आज दिसणारे फूल उद्या नसणार, आणि तरीही उद्या तळे असेच भरलेले असणार, हे धाकटीला काही केल्या पटेना. "मग आज कोणी आलेच नसते तर?" असे तिने दोनदा विचारले.

सासूबाई काठी आडवी ठेवून खडकावर बसल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, पण पाय पाण्यात सोडले नाहीत. लांबूनच नमस्कार केला. पाण्यात कोणी उतरू नये हा नियम आहेच, पण त्यांना तो सांगावा लागला नाही. तळ्याचा गाळ ढवळला की पानांच्या मुळांशी काय होते हे शेतकऱ्याच्या लेकीला कळते. त्याच वेळी पलीकडच्या काठावर एका कुटुंबातले वडील मुलाला फूल तोडून द्यायला वाकले होते. वन्संनी इथूनच, आवाज न चढवता, "दादा, राहू द्या की, बाळाला हितूनच छान दिसतंय," असे म्हटले, आणि ते खरोखर थांबले. रागावून बोलण्याने हे झाले नसते. मला वाटते, आपल्या जिल्ह्यात आलेल्या पाहुण्याला असे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ती आपली जबाबदारीही आहे.

डबे आम्ही तळ्याकाठी उघडले नाहीत. थोडे मागे, वाटेवरच्या कातळावर बसून जेवलो, म्हणजे सांडलेले शीत पाण्यात जाणार नाही. परतीची वाट तीच, तरी ती वेगळी वाटली, कारण धुके निघून गेले होते आणि उजेडात पठार थेट क्षितिजापर्यंत मोकळे झाले होते. मुले दमल्याची खूण म्हणजे ती बोलायची थांबतात. तेव्हा गूळपोळीचा तुकडा हाती द्यावा, पाच मिनिटे बसावे आणि पुन्हा निघावे. काठी परत करताना सासूबाई त्या दादांशी बराच वेळ बोलत बसल्या. दादांच्या लहानपणी याच पठारावर गुरे चरत असत. पुढे चराई थांबली, मध्ये काही वर्षे तारेची जाळी होती, आता ती काढली आहे. गुरे फिरत होती तेव्हा गवत इतके माजत नसे आणि बारक्या फुलांना ऊन मिळे, असे त्यांचे म्हणणे. अभ्यासकांतही काही जण असेच मांडतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे पठार वापरले त्यांचे म्हणणे धोरण ठरवताना ऐकले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

दुपारी आम्ही कास तलावावर उतरलो. पठारापासून डांबरी रस्त्याने दोन-तीन किलोमीटरचा हा उतार आहे. सासूबाई आणि धाकटी गाडीतून गेल्या, बाकीचे चालत. कुमुदिनीच्या मानाने हा तलाव पुष्कळ मोठा, भोवती गर्द झाडी, आणि पाणी शांत, काळसर. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अमदानीत तो बांधला गेला, आणि इथले पाणी विजेचा पंप न लावता केवळ उताराच्या बळावर, डोंगराच्या कडेकडेने काढलेल्या पाटाने साताऱ्यात आणले गेले. पुढे पाटाच्या जागी बंद नळ आले आणि अलीकडे धरणाची उंचीही वाढवली गेली, पण तत्त्व तेच. मुलांना मी एवढेच दाखवले, की आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत नळाला येणारे पाणी ते हे. भाचा सांगलीचा, कृष्णाकाठचा. त्याला नदीचा पूर ठाऊक आहे, पण पाण्याचा उगम असा शांत असू शकतो हे नवे होते. उरमोडी याच परिसरातून निघते आणि खाली जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे या डोंगरावर पडलेला पाऊस त्याच्याही गावावरून जातो, हे कळल्यावर तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता.

हे पिण्याचे पाणी आहे, आणि तरी काठावर काचा, पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे पेले दिसतात. मला याचे फार दुःख होते. आम्ही नेलेल्या मोकळ्या पिशवीत काठावरचा जेवढा कचरा मावला तेवढा भरून खाली आणला. प्रत्येक कुटुंबाने एक पिशवी जादा नेली तर हंगामाच्या अखेरीस फरक दिसेल, यात मला शंका नाही.

पाच वाजायच्या आत तिथून निघावे. कास-बामणोलीच्या जंगलात गव्यांचा वावर आहे आणि संध्याकाळी ते रस्त्यावर येतात. दिसलेच तर गाडी थांबवावी, दिवे मिचकावू नयेत, हॉर्न वाजवू नये आणि फोटोसाठी उतरू तर मुळीच नये. दुसरे कारण यवतेश्वरचा घाट. पावसाळ्यात तिथे संध्याकाळी धुके उतरते आणि वळणे कळत नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर पठार झपाट्याने पिवळे पडत जाते, म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नये. काठी देणाऱ्या दादांनी सांगितले की सोनकीचा भर अजून पंधरवड्याने येईल, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी मैत्रिणींना न्यायचे ठरवले आहे. त्यांपैकी एकींचे गुडघे फारच दुखतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दवबिंदूच्या खडकापर्यंत जाऊन परतायचे आणि तळ्याऐवजी कास तलावाच्या काठी जास्त वेळ बसायचे, असा बेत आम्ही आखला आहे. नोंदणी बुधवारची केली आहे.